हिरवा दिवा लागला, पण घड्याळ खरं आहे का?

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

आजचा भाग घड्याळावर आहे. भिंतीवरच्या नाही आणि मनगटावरच्याही नाही. आजचं घड्याळ एका डब्यात असतं, त्याला काटे नसतात आणि ते सेकंदाला एक कोटी वेळा टिकटिक करतं. तुम्ही ज्या मोबाइलवर हे ऐकताय, तो चालतो त्यामागेही अशीच घड्याळं आहेत.

आधी मोबाइलचंच पाहू. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. त्यातल्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, पण पाळीपाळीनं. आधी टॉवर बोलणार, फोन ऐकणार. मग फोन बोलणार, टॉवर ऐकणार. आता जठारपेठेतला टॉवर ऐकायच्या पाळीत आहे आणि रामदासपेठेतला टॉवर अजून बोलतोय, असं झालं तर? शेजाऱ्याच्या आवाजात आपला फोन बुडून जाईल. म्हणून प्रत्येक टॉवरचं घड्याळ खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त सरकू द्यायचं नसतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढी शिस्त बहुतेक करून वरून येते, उपग्रहांकडून.

हे काम करणाऱ्या डब्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जीपीएसडीओ’ म्हणतात. उपग्रहानं शिस्त लावलेला ऑसिलेटर. तर आजचा प्रश्न असा: आकाश नीट दिसत नसेल, सिग्नल अर्धामुर्धा येत असेल, तर हा डबा खरं बोलतो की नाही, हे घरी कसं तपासायचं?

डब्यात असतं काय?

डब्यात दोन जण असतात. एक क्वार्ट्‌झचा क्रिस्टल. तो छोट्याशा भट्टीत ठेवलेला असतो, सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास, म्हणजे बाहेर थंडी असो की ऊन, त्याला फरक पडू नये. दुसरा, जीपीएसचा रिसीव्हर. तो दर सेकंदाला एक ठोका देतो.

गाण्याचं उदाहरण घ्या. क्रिस्टल म्हणजे गायक. आत्ता, या क्षणी एकदम सुरात. पण तासाभरात त्याची पट्टी हळूच सरकते आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. उपग्रह म्हणजे तंबोरा. तो पट्टी कधी सोडत नाही, कारण त्यात अणुघड्याळ आहे. पण तो दूरच्या खोलीत वाजतोय. दाराआडून कधी ऐकू येतो, कधी नाही. रिसीव्हरचा एकेक ठोका वीस-तीस नॅनोसेकंद इकडेतिकडे होतोच. म्हणून एका ठोक्यावर विश्वास ठेवायचा नाही; शेकडो ठोक्यांची सरासरी काढायची आणि गायकाला हळूच सांगायचं, ‘थोडं खाली ये.’

आकाश मोकळं असेल तर ही जोडी फारच छान चालते. घोळ होतो तो तंबोरा नीट ऐकू येत नाही तेव्हा.

जठारपेठेचं आकाश

मी जठारपेठेत राहतो, पहिल्या मजल्यावर. समोर तीन मजली इमारत, मधे गल्ली, खिडकीवर छज्जा. अकोल्यात अर्ध्या लोकांची खिडकी अशीच असेल.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटरवर आहेत. तिथून जमिनीवर जो सिग्नल पोचतो, त्याची ताकद किती? एकावर सोळा शून्यं द्या. एका वॉटचे तेवढे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. बस, तेवढीच. तो सिग्नल स्लॅबमधून येत नाही. समोरच्या भिंतीवर आपटून मात्र येतो आणि ते जास्त वाईट, कारण तो लांबच्या वाटेनं येतो. वाट सहा मीटरनं वाढली की ठोका वीस नॅनोसेकंद उशिरा पडतो. रिसीव्हरला वाटतं, घड्याळच चुकलं.

आणखी एक गोष्ट. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. अकोला २०.७ अंश उत्तरेला. गणित केलं तर कळतं, की इथून थेट उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंचीपर्यंत, जीपीएसचा उपग्रह कधीच येत नाही. म्हणजे तुमची खिडकी उत्तरेला उघडत असेल, तर तिचा नेमका मधला भाग कायम रिकामा! दक्षिणेची खिडकी बरी. आपल्या नाविकचा ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह तर इथून दक्षिणेला साधारण ६५ अंशांवर चोवीस तास जागचा हलत नाही. फक्त छज्जा आडवा यायला नको.

हे पाहायला पैसे लागत नाहीत. अँड्रॉइड फोनवर ‘जीपीएसटेस्ट’ नावाचं मोफत ॲप आहे. ते आकाशाचा गोल नकाशा दाखवतं आणि प्रत्येक उपग्रहाची ताकद आकड्यात सांगतं. गच्चीवर चाळिशीच्या पुढचे आकडे दिसतील. खिडकीत तेच तिशीवर येतील, काही त्याखाली. आधी हे घरभर फिरून पाहा, मग अँटेनाची जागा ठरवा.

‘मग गच्चीवरच लाव ना अँटेना, काहून एवढा खटाटोप?’ बरोबर आहे. जमत असेल तर तेच करा. डिश टीव्हीची आरजी-६ केबल वापरा. बारीक काळी केबल दहा मीटरला दहा डेसिबलच्या पुढे सिग्नल खाते. पण भाड्याची खोली असते, होस्टेल असतं, गच्चीची चावी घरमालकाकडे असते, वानरं केबल ओढतात. ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

पण हे लागतं कशाला?

एक खरं कारण सांगतो. क्यूओ-१०० नावाचा हौशी रेडिओवाल्यांचा उपग्रह-ट्रान्सपॉन्डर आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतारच्या एका उपग्रहावर. तो भूस्थिर आहे आणि अकोल्यातून पश्चिमेला, थोडा दक्षिणेकडे, साधारण २८ अंश उंचीवर ‘दिसतो’. छोट्या डिशवर आफ्रिका, युरोप, आखाती देशांतली माणसं बोलताना ऐकू येतात. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी १०,४८९ मेगाहर्ट्‌झच्या पुढे. डिशच्या तोंडावर जो एलएनबी असतो, त्यातला साधा क्रिस्टल दहा लाखांत एक इतका जरी सरकला, तरी तुमचं स्टेशन जवळजवळ दहा किलोहर्ट्‌झ पळतं. आवाजाचा एक चॅनल पावणेतीन किलोहर्ट्‌झचाही नसतो. आणि अकोल्याच्या मे महिन्यात डिशवरचा एलएनबी किती तापतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून एलएनबीला बाहेरून पक्की फ्रिक्वेन्सी द्यायची. त्यासाठी लोक जुने डबे घेतात. सीडीएमए मोबाइलचे टॉवर जगभर उतरवले गेले, तेव्हा त्यातले असे कितीतरी डबे भंगारातून बाजारात आले. त्यात एक गंमत सांगून ठेवतो: जुना डबा वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल, तर लगेच परत पाठवू नका. जीपीएस आठवडे मोजतं आणि मूळ मोजणी १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. थंडरबोल्ट नावाचा गाजलेला डबा जुलै २०१७ च्या शेवटी असाच १९९७ मध्ये गेला. तारीख चुकली, पण १० मेगाहर्ट्‌झ शाबूत राहिले.

हिरवा दिवा काय सांगतो, काय नाही

डब्यावर एक दिवा असतो, ‘लॉक’चा. हिरवा लागला की आपण खूश. पण त्याचा अर्थ नीट ऐका. तो म्हणतो, ‘मला उपग्रह ऐकू येताहेत आणि माझा क्रिस्टल त्यांच्याशी जुळलाय असं मला वाटतं.’ यातलं ‘मला वाटतं’ महत्त्वाचं. भिंतीवरून आलेल्या खोट्या ठोक्याशीही तो तितक्याच आनंदानं जुळतो. घड्याळ स्वतःची चूक स्वतः मोजू शकत नाही. साक्षीदार बाहेरचा लागतो.

म्हणून पाच गोष्टी करायच्या.

पहिली: जागा पक्की करा. टायमिंगसाठी बनवलेल्या रिसीव्हरला एकदा आपली जागा नीट सांगितली, की पुढे त्याला वेळ काढायला एक उपग्रहसुद्धा पुरतो. नाहीतर चार लागतात. खिडकीवाल्यांसाठी हे वरदानच. पण जागा चुकीची भरली तर प्रत्येक मीटरमागे तीन नॅनोसेकंदांपर्यंत चूक, आणि उपग्रह बदलला की चूकही बदलते. खिडकीत बसून डब्याला स्वतःची जागा शोधू दिली, तर तो ती वाकडीच शोधणार. त्यापेक्षा अँटेना एक दिवस गच्चीवर ठेवा, सरासरी जागा काढा, मग टेपनं मोजून मजल्यांची उंची वजा करा, आडवं अंतरही धरा. तो आकडा हातानं भरा. एका दिवसासाठी घरमालक चावी देतो.

दुसरी: साक्षीदार आणा. भट्टीतला दुसरा एखादा क्रिस्टल घ्या, ज्याला जीपीएस जोडलेलं नाही. रात्रभर तापू द्या. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप असतोच. एका चॅनलला डबा, दुसऱ्याला साक्षीदार, ट्रिगर डब्यावर. डब्याची लाट स्थिर दिसेल, साक्षीदाराची हळूहळू सरकेल. १० मेगाहर्ट्‌झची एक लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. ती पूर्ण एक लाट सरकायला १,००० सेकंद, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं लागली, तर दोघांत दहा अब्जांत एक इतका फरक आहे. कॅलक्युलेटरचीही गरज नाही.

सरकण्याचं वाईट वाटून घेऊ नका. साक्षीदार मोकळा आहे, तो सरकणारच. पाहायचं ते हे, की तो एकाच चालीनं सरकतो का. मधेच चाल वाढली, मग थांबली, मग उलटी फिरली, तर दोघांपैकी कोणाचं तरी डोकं फिरलंय. फोन स्टँडवर लावून स्क्रीनचा रात्रभर टाइमलॅप्स घ्या. सकाळी चहा पिता पिता दोन मिनिटांत पाहून होतं.

तिसरी: चार मिनिटांचा नियम. माझी सगळ्यात आवडती परीक्षा. जीपीएसचा उपग्रह पृथ्वीभोवती साधारण अकरा तास अठ्ठावन्न मिनिटांत फिरतो. म्हणून तुमच्या खिडकीतलं आकाश दर २३ तास ५६ मिनिटांनी जवळजवळ तसंच्या तसं परत येतं. आज दुपारी २ वाजता एखादा उपग्रह समोरच्या इमारतीमागे गेला, तर उद्या तो १ वाजून ५६ मिनिटांनी जाईल, परवा १:५२ ला. आठवड्यात अठ्ठावीस मिनिटांचा फरक.

आता डब्याची नोंद आठवडाभर संगणकावर साठवा. ‘लेडी हीदर’ नावाचा मोफत प्रोग्राम बऱ्याच डब्यांशी बोलतो. आलेखात रोज एक गचका दिसतोय? त्याची वेळ लिहा. तो रोज चार मिनिटं आधी येत असेल, तर दोष आकाशाचा: इमारत, छज्जा, परावर्तन. तो रोज घड्याळाच्या त्याच वेळेला येत असेल, तर दोष घरातला. दुपारचं ऊन खिडकीतून डब्यावर येतंय, पाच वाजता कुणीतरी कूलर लावतंय, नळ आल्यावर मोटर सुरू होतेय. आणि वेळेचा काही मेळच नसेल, तर सैल कनेक्टर शोधा.

माझ्या खिडकीत दोन्ही सापडले. एक गचका रोज पुढे पुढे यायचा; तो समोरच्या इमारतीचा. दुसरा संध्याकाळी ठरल्या वेळी यायचा. तो कूलरच्या झोताचा. पहिल्यासाठी मी इमारत हलवू शकत नाही. पण रिसीव्हरला सांगू शकतो, की अमुक उंचीच्या खालचे उपग्रह ऐकूच नको. दुसऱ्यासाठी डबा थर्माकोलच्या पेटीत गेला, पण हवा खेळायला जागा ठेवून. कारण भट्टी बाहेरच्यापेक्षा गरमच असायला हवी. पेटीच तिच्याएवढी तापली, तर भट्टीला काबूत राहता येत नाही. वऱ्हाडात हे विसरून चालत नाही, बाप्पा.

चौथी: अँटेना काढा. हो, मुद्दाम. डबा दोन-तीन दिवस नीट चालला की अँटेनाची पिन काढून टाका आणि सहा तास तसंच राहू द्या. याला ‘होल्डओव्हर’ म्हणतात, म्हणजे तंबोरा बंद, गायक आठवणीवर. सहा तासांनी पिन परत लावा आणि पाहा, जमलेला फरक किती. समजा दोन मायक्रोसेकंद निघाला. दोन मायक्रोसेकंद भागिले २१,६०० सेकंद, म्हणजे जवळपास दहा अब्जांत एक. या चालीनं दीड मायक्रोसेकंदाची मर्यादा सव्वाचार-साडेचार तासांत संपते. हा डबा टॉवरवर असता, तर एवढ्या वेळात दुरुस्तीवाला पोचला पाहिजे. वाईट आकाशात डब्याची खरी लायकी इथे कळते. सिग्नल असताना कोणीही सुरात गातं.

परत येताना तो कसा येतो, तेही पाहा. काही डबे फरक एका झटक्यात भरून काढतात, काही हळूहळू. झटका बसला की तेवढ्या वेळापुरती फ्रिक्वेन्सी बिघडते.

पाचवी: लाईन जाऊ द्या. आपल्याकडे ही परीक्षा महावितरण फुकट घेतं. इन्व्हर्टर चालू होताना जो अर्धा क्षण जातो, त्यात डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो का? होत असेल, तर क्रिस्टल थंड-गरम होणार आणि पुन्हा जागेवर बसायला तास लागोत की दिवस. डब्याला स्वतःची छोटी बॅटरी द्या. बाकी सगळ्या कसरतींपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मग सेटिंग काय ठेवायचं?

डब्यात एक आकडा असतो, ‘टाइम कॉन्स्टंट’. किती वेळाची सरासरी काढून क्रिस्टलला टोकायचं, ते तो ठरवतो. शंभर सेकंद ठेवला आणि भिंतीवरचा खोटा ठोका शंभर नॅनोसेकंदांनी चुकला, तर फ्रिक्वेन्सी अब्जात एक एवढी हलू शकते. क्यूओ-१०० वर ते दहा हर्ट्‌झ. तोच आकडा हजार-दोन हजार सेकंद केला, तर तोच खोटा ठोका फारसा लागत नाही.

मग वाढवतच न्यायचा का? नाही. कारण तेवढा वेळ क्रिस्टलनं एकट्यानं सुरात राहायला हवं. म्हणजे आकाश जेवढं वाईट, तेवढा क्रिस्टल चांगला लागतो. खिडकीवाल्यानं पैसे भारी अँटेनावर घालण्याआधी चांगल्या क्रिस्टलवर आणि स्थिर तापमानावर घालावेत, असं माझं मत आहे.

आणि गरज किती, तेही आधी ठरवा. नुसतं ऐकायचं असेल, तर अब्जात एक पुरतं. दहा हर्ट्‌झ कानाला कळतही नाही. पण दुसरी यंत्रं तपासायला डबा वापरणार असाल, तर वरच्या पाचही परीक्षा हव्यात.

हे फक्त हौसेचं आहे का?

नाही. २६ जानेवारी २०१६ ला जीपीएसचा एक जुना उपग्रह निवृत्त केला, तेव्हा प्रणालीत चुकीची माहिती भरली गेली आणि काही उपग्रह तासन्‌तास १३.७ मायक्रोसेकंद चुकीची वेळ सांगत राहिले. नकाशे ठीक चालले, पण वेळेवर चालणारी यंत्रं जगभर अलार्म देऊ लागली. ज्यांच्याकडे दुसरा साक्षीदार होता, त्यांना कळलं. बाकीच्यांनी चूकच खरी मानली.

विजेचं पाहा. आपल्या शेजारी पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथली वीज ज्या ग्रिडवर जाते, त्यावर दूरदूरच्या ठिकाणी लाट एकाच क्षणी मोजून तिचे कोन ताडून पाहतात. ५० हर्ट्‌झला एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंश. चूक मिलिसेकंदाची झाली तर १८ अंश. ग्रिड ठणठणीत असताना ती आजारी दिसेल, किंवा उलट.

आणि स्वतःचं घड्याळ असणं किती अवघड, हे इस्रोनं अनुभवलंय. नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. त्यातली तीनही रुबिडियम घड्याळं पुढे बंद पडली. घड्याळ गेलं की उपग्रह वर असून दिशा दाखवायच्या कामाचा राहत नाही. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ होतं. बातम्यांत ती एक ओळ होती. आजचा भाग ऐकल्यावर ती ओळ केवढी मोठी होती, हे तुमच्या लक्षात येईल.

तर मंडळी, एवढंच सांगायचंय. दिवा हिरवा असला तरी एकदा पिन काढून पाहा. तुमच्यापैकी कुणाच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप असेल, तर या आठवड्यात दोन क्रिस्टल शेजारी लावा आणि लाट सरकायला किती वेळ लागतो, तेवढं कळवा. गावाचं नाव आणि खिडकीची दिशाही लिहा. अमरावतीची उत्तरेची खिडकी आणि अकोल्याची दक्षिणेची खिडकी शेजारी ठेवून पाहायला मजा येईल.

पुढच्या भागात एलएनबी उघडून त्यातला क्रिस्टल कसा बदलायचा, ते बोलू. तोवर डबा उन्हात ठेवू नका, आणि स्वतःही फिरू नका. नमस्कार.